सवड मिळेल तेव्हा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७; इफिसकरांस पत्र ५:१५-१७



'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी कित्येक दुकानांत टांगलेली आपण पाहतो. उधारीच्या आशेने दुसऱ्या दिवशी गेलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा तीच पाटी वाचावी लागते. दुकानदाराचा उद्या कधी उगवतच नाही. अशीच एक पाटी आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या अंतःकरणाच्या दारावर देवासाठी लावून ठेवली आहे.

पौल कैसरियात बंदिवान असता सुभेदार फेलिक्स आपली पत्नी द्रुसिल्ला हिच्यासह त्याचे बोलणे ऐकायला बसला. नीतिमत्त्व, संयम व पुढे होणारा न्याय यांविषयी ऐकून तो भयभीत झाला. वचन काळजाला भिडले होते. त्याने पौलाला खोटे ठरवले नाही की त्याचा उपहास केला नाही. तूर्त जा, पुढे सवडीने बोलावू, एवढेच त्याने सांगितले. आता पुढची हकीकत पाहा. त्याने पौलाला वारंवार बोलावले, पण ते पैसे मिळतील या आशेने. अशी दोन वर्षे गेली, त्याच्या जागी फेस्त आला आणि पौल तुरुंगातच राहिला. म्हणजे फेलिक्साला सवड पुष्कळ मिळाली. मनाची तयारी तेवढी झाली नाही. देवाला 'नाही' म्हणण्याचे धैर्य नसले म्हणजे मनुष्य 'उद्या' म्हणतो.

याविषयी आमचीच एक चूक सांगतो. आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या. पुष्कळ वर्षे त्यांनी शब्बाथ शाळेत शिकवले. आम्हीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. परगावी असलेल्या मुलाशी त्यांचे बिनसले होते. हात कापत असल्यामुळे त्यांना लिहिता येत नसे. एका रविवारी उपासनेनंतर आम्हांला थांबवून त्या म्हणाल्या, "बाळ, मुलाला दोन ओळी लिहायच्या आहेत. मी सांगेन तसे लिहून देशील का?" आम्ही म्हणालो, "हो बाई, याच आठवड्यात येतो."

त्या आठवड्यात कमिटीची सभा निघाली. पुढल्या आठवड्यात नाताळच्या गीतांची तालीम. सगळी कामे देवाचीच, म्हणून मनाला टोचणीही लागली नाही. नवे वर्ष लागण्यापूर्वीच बाई प्रभूकडे गेल्या. मुलगा दफनविधीला आला. परतताना त्याने हळूच विचारले, "आई माझ्याविषयी काही बोलली होती का?" आम्ही त्याला पत्राची हकीकत सांगितली. "त्यात काय लिहायचे होते?" या त्याच्या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते. काम दहा मिनिटांचे होते.

इफिसकरांस लिहिताना पौल वेळ साधून घ्यायला सांगतो. तेथील मूळ ग्रीक शब्दात बाजारातून विकत घेण्याचा अर्थ आहे, आणि 'वेळ' या शब्दात योग्य घडीचा, संधीचा. बाजार उठला म्हणजे हातात पैसे असूनही माल मिळत नाही. शिवाय विकत घ्यायचे म्हणजे किंमत द्यावी लागते. कधी झोपेची, कधी गप्पांची, कधी आपल्या मानाची. त्या दिवशी सभेला थोडा उशीर, एवढीच किंमत आम्हांला द्यायची होती.

पंडिता रमाबाई पन्नाशीकडे झुकल्या होत्या. केडगावी मुक्तिसदनातील शेकडो स्त्रिया व मुलांचा भार डोक्यावर होता. तशातच त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले व त्यासाठी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलात रमाबाईंचा अंत झाला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. त्या सवडीची वाट पाहत बसल्या असत्या, तर ते कधी सुरूही झाले नसते.

वेळ साधणे म्हणजे सदा धावपळ करणे, असे मात्र कोणी समजू नये. विसावाही देवानेच नेमून दिला आहे. आपला प्रभू याइराच्या घरी निघाला असता रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीसाठी वाटेत थांबला. समोर आलेले माणूस हेच त्या घडीचे काम, हे तो जाणत होता.

तेव्हा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारचा धडा शनिवारी रात्रीसाठी ठेवू नका. सोमवारीच एकदा वाचा, म्हणजे तो आठवडाभर मनात मुरेल. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याकडे सूर्य मावळण्यापूर्वी जा. आणि ज्याने अजून आपले जीवन प्रभूला दिले नाही, त्याने सवडीची वाट पाहू नये. फेलिक्सही तिचीच वाट पाहत होता.

हे अंक वाचून बाजूला ठेवाल, तेव्हा एखादे राहिलेले काम तुम्हांला आठवेल. कोणाचे तरी पत्र, कोणाची तरी भेट. ते आजच करा.

हे प्रभू, आजचा दिवस तुझा आहे. तो उद्यावर ढकलण्यापासून आम्हांला राख. आमेन.