दोन इंचांचा जाब

जिप्सीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा. वाटेत दगड आला की पहिला फटका त्यालाच बसतो. तो आसाला जोडलेला आणि आस चाकांना. उंच कमानपाटे बसवले की चेसिस वर जाते, बॉडी वर जाते, आपली सीट वर जाते. गोळा मात्र होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायचं तर चाकाचा व्यासच वाढवावा लागतो. ही गोष्ट मला लिफ्ट, म्हणजे गाडी दोन इंच उचलणारे असे पाटे, बसवण्याच्या आधीपासून ठाऊक होती, आणि तरीही मी ती बसवली. म्हणून हा जाब. मागणाराही मीच आणि देणाराही मीच, त्यामुळे टाळाटाळीला जागा जरा कमी आहे.

गाडी जुनी आहे. मारुतीने जिप्सी डिसेंबर 1985 मध्ये आणली, सुझुकीच्या एसजे मालिकेतल्या लांब गाडीवर बेतून, 970 सीसीच्या छोट्या इंजिनासह. 1996 मध्ये 1298 सीसीची ‘किंग’ आली, पुढे तिला एमपीएफआय, म्हणजे इंधनाचं इंजेक्शन, मिळालं, आणि 2019 मध्ये उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत चारही चाकांखालचे पाटे काही गेले नाहीत. मागच्या आडव्या बाकांवर बसून ज्याने प्रवास केला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. माझी गाडी एमपीएफआय किंग, आणि माझ्याआधी ती आणखी कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली आहे.

पाटे वर्षानुवर्षं वजन झेलून बसतात. त्यांची कमान उतरते, ते सपाट होत जातात. माझ्या गाडीचे तसे झाले होते आणि ड्रायव्हरच्या बाजूला जास्त. म्हणजे गाडी मला खुजी वाटत होती त्यातला काही भाग तिच्या बांध्याचा नव्हताच, तो थकव्याचा होता. मूळ मापाचे नवे पाटे घातले असते तरी ती बरीच वर आली असती. हा विचार माझ्या मनात आला होता. तो मी चटकन बाजूला सारला, कारण त्याने दुरुस्ती झाली असती आणि मला दुरुस्ती नको होती. मला बदल हवा होता, चारचौघांत दिसेल असा.

विचारणाऱ्यांसाठी कारण तयार होतं: मामेभावाचं शेत. तिथे जाणारी पाणंद पावसाळ्यात खचते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात, मध्ये मातीचा उंचवटा राहतो. हे खरं आहे. पण त्याच पाणंदीतून हीच गाडी मूळ उंचीवर, लो गिअरमध्ये, कुरकुर न करता जात होती. अडायची ती टायर गुळगुळीत झाल्यावर. चिखलात पकड टायरच्या नक्षीची असते, पाट्यांच्या कमानीची नव्हे. तेच पैसे आधी टायरवर घातले असते तर पाणंदीचा प्रश्न सुटला असता. पण पाणंदीचा प्रश्न सुटणं हा हेतू होता कुठे?

खरा हेतू सातारच्या पोवई नाक्यावर होता. सिग्नलला शेजारी एखादी नवी, रुंद, उंच एसयूव्ही येऊन उभी राहायची आणि तिच्या दाराच्या हँडलशी माझी नजर जायची. आपली गाडी खरी फोर बाय फोर, लष्कराने वापरलेली, आणि शेजारची बहुधा जन्मात कधी डांबर सोडणार नाही. तरी खाली बघणारा तो आणि वर बघणारा मी. आपल्या वयाच्या माणसाला हे कबूल करायला लाज वाटते. मुलाने लिफ्टनंतर गाडी पाहिली आणि म्हणाला, “पप्पा, आता भारी दिसते.” मी लगेच त्याला अ‍ॅप्रोच अँगल समजावून सांगायला लागलो.

अ‍ॅप्रोच अँगल खोटा नाही, हेही सांगायला हवं. बॉडी वर गेली की समोरच्या चढाला बंपर उशिरा टेकतो, मागचा भाग उतारावर घासत नाही, दोन चाकांमधलं पोट बांधावर बसत नाही, आणि मोठ्या टायरला जागा होते. ज्याला रोज असल्या वाटेने जावं लागतं, त्याच्यासाठी लिफ्ट हे कामाचं अवजार आहे. मी तो माणूस नाही. माझ्या गाडीचा बहुतेक जन्म बँक, मंडई आणि रविवारचा ठोसेघर रस्ता यात जातो.

आता हिशेब. मूळ टायर 205/70 आर 15, व्यास सुमारे 668 मिलिमीटर. मी घातला 215/75 आर 15, व्यास सुमारे 703. म्हणजे 50 मिलिमीटरच्या लिफ्टने डिफरन्शिअलखाली मिळाले शून्य, आणि टायरने मिळाले जेमतेम 18. त्या अठरांची किंमत अशी की स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने चाललेली असते, आणि आधीच बेताच्या ताकदीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी जड पडतो. यवतेश्वरचा घाट चढताना हे पायाला कळतं.

दुसरा हिशेब जास्त गंभीर आहे. गाडी किती सहज कलंडेल याचा ढोबळ अंदाज दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध भागिले गुरुत्वमध्याची उंची, यावरून बांधतात. जिप्सीच्या चाकांमधलं अंतर आहे साधारण 1300 मिलिमीटर, म्हणजे अर्ध 650. गुरुत्वमध्य समजा 600 वर धरला तर गुणोत्तर 1.08. लिफ्ट आणि टायर मिळून तो पन्नासएक मिलिमीटर वर गेला, तर ते एकवर येतं. आकडा गृहीताचा आहे, दिशा गृहीताची नाही. 1988 मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने सुझुकी सामुराई, म्हणजे जिप्सीची आखूड बहीण, उलटण्याच्या कारणावरून अस्वीकारार्ह ठरवली. सुझुकी 1996 मध्ये कोर्टात गेली आणि 2004 मध्ये दोघांनी समझोता केला. त्या चाचण्या योग्य होत्या की नव्हत्या, यात मी पडत नाही. माझ्यापुरती गोष्ट एवढीच की तो सगळा वाद कारखान्यातून निघालेल्या उंचीवरच्या गाडीबद्दल होता. मी त्या उंचीच्या वर चढून बसलो आहे, आणि मागच्या बाकांवर मुलाचे मित्र बसतात.

गॅरेजमधल्या कामाबद्दल मात्र माझं मन स्वच्छ आहे, आणि त्याचं श्रेय मिस्त्रीचं. आधी त्यानेच स्वस्त वाट दाखवली होती, “साहेब, नुसते शॅकल लांब टाकू, निम्म्या पैशात काम होतंय.” लगेच स्वतःच म्हणाला, “पण स्टिअरिंग भटकंल.” बरोबर होतं ते. पुढचे शॅकल लांब केले की आस किंचित फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला कचरतं. म्हणून पूर्ण पाटे, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घेतले. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट गंजून बुशच्या नळीला असे धरले होते की ग्राइंडरने कापावे लागले. नवे बोल्ट त्याने आधी नुसते हाताने बसवले. गाडी घोड्यांवरून उतरवून वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळले. लटकत्या गाडीत आवळले असते तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. मग एक चाक जॅकवर पार वर घेऊन, दुसरं खाली लोंबू देऊन, ब्रेकचा रबरी पाइप ताणतो का ते पाहिलं. ताणत होता. लांब पाइप मागवला आणि गाडी तोवर गॅरेजातच ठेवली. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे असतात, त्यांच्यामध्ये एक छोटा शाफ्ट, आणि तिथून पुढे-मागे आणखी दोन. गाडी वर गेली की पुढच्या-मागच्या शाफ्टचे कोन वाढतात आणि त्यांच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात. तेही त्याने समजावून सांगितलं. थोडं चालवून पुन्हा आणा, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, असं दोनदा बजावलं.

या सगळ्या कामात माझा एकच प्रश्न मला आठवतो आणि टोचतो. मी त्याला विचारलं होतं, “पकडतात का हो?”

योग्य आहे का, असं नव्हतं विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करायला मनाई करतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ही मनाई ठामपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फेरफार म्हणजे काय, तर वाहनाच्या रचनेतला असा बदल की ज्याने त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं, असं कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. आता पाटे बदलले तर मूलभूत स्वरूप बदललं का? आरसी बुकात उंचीचा रकाना कुठे आहे? आम्हा जिप्सीवाल्यांच्या गप्पांत ही फट फार लाडकी आहे. वकिलाला ती पुरेल. मला ती पुरते का, याचं उत्तर माझ्या त्या प्रश्नातच आहे. बदल निर्दोष आहे अशी खात्री असलेला माणूस पकडतात का, हे विचारत नाही.

पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला पुन्हा नोंदणीसाठी आरटीओपुढे उभं राहावं लागतं. त्या दिवसापुरते जुने टायर, जुने पाटे चढवायचे आणि पासिंग झालं की परत, ही युक्ती मला अनेकांनी हसत हसत सांगितली आहे. मीही हसलो होतो. ज्या तपासनीसाला गाडी दाखवायची, त्याला ती सोडून दुसरीच गाडी दाखवायची, असा त्याचा अर्थ होतो. विम्याचंही तसंच. अपघात झाला आणि कंपनीने बदल का कळवला नाही असं विचारलं, तर नुकसान माझं एकट्याचं राहणार नाही. समोरच्या जखमी माणसाची भरपाईही वादात अडकू शकते.

घरात मी विचारलंच नव्हतं. आईच्या गुडघ्यांना जिप्सीची पायरी आधीच जड होती. आता ती दारापाशी येते, पाय उचलून पाहते आणि म्हणते, “तुम्ही जा, मी आज घरीच थांबते.” तक्रार करत नाही, त्यामुळे उत्तर द्यायचीही सोय नाही. बायकोने एकदाच विचारलं की हे नेमकं कशासाठी होतं. मी पाणंद सांगितली. तिने पुढे काही विचारलं नाही.

रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना तर विचारता येतच नाही. गाडी वर गेली की हेडलाइट वर जातात. दिवे खाली उतरवले नाहीत तर घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांत झोत जातो. भिंतीवर खूण करून स्क्रूने दिवे उतरवणं हे अगदी थोड्या वेळाचं, फुकटचं काम आहे, आणि लिफ्ट केलेल्या गाड्यांत तेच सर्वांत जास्त राहून जातं. सोपं आहे त्याचं कारण: झोत आपल्या डोळ्यांत जात नाही. हे काम मी पहिल्याच संध्याकाळी केलं. लिफ्टच्या सगळ्या प्रकरणात, कुणी न सांगता, केवळ दुसऱ्यासाठी केलेलं माझं काम शोधायला गेलो तर हे एवढंच सापडतं.

आणखी एक गोष्ट मला स्वतःबद्दल कळली, ती जास्त अस्वस्थ करणारी आहे. उंच गाडी मालकाला कठीण जागा शोधायला लावते. पूर्वी मी खराब रस्ता टाळायचो. आता नजर रस्ता सोडून कडेच्या उताराकडे जाते. साताऱ्यात राहणाऱ्याला हा मोह फार जवळ आहे. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटात कासचं पठार आहे, त्याच्या आजूबाजूला तशीच कितीतरी पठारं आहेत, आणि सगळ्यांना कुंपण नाही. तिथे कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. गेंद, सोनकी, सीतेची आसवं त्या थरावर उगवतात. ओल्या दिवसांत तिथून एक जड गाडी गेली तर थर दबतो, चाकोरीतून पाणी वाहू लागतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथली फुलं दिसत नाहीत. कोकणातल्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांची. उघड्या जांभ्यावर कोरलेली, वरून पाहिली नाहीत तर चाकाखाली आलेली कळणारही नाहीत अशी. मित्रांच्या गटात अशा सड्यावर गाड्या न्यायचं ठरत होतं. मी नाही म्हणालो, पण थोडा वेळ गप्प राहून. त्या थोड्या वेळात मी रस्त्याचा अंदाज घेत होतो.

माझ्यापुरता निकाल असा. पाटे बदलणं गरजेचं होतं. उंची गरजेची नव्हती. विमा कंपनीला बदलाचं पत्र पाठवलं आहे, त्यांची तपासणी आणि निर्णय जो येईल तो मान्य. नोंदणीला गाडी जशी आहे तशीच नेणार. तपासनीसाने नाकारली तर मूळ मापाचे पाटे घालीन आणि तेच ठेवीन. टायर मूळ मापाचे मागवले आहेत. आईसाठी दाराखाली एक पायरी वेल्ड करून घेतली आहे. ती जमिनीच्या बरीच जवळ येते, आणि खडकात पहिली तीच घासणार, घासू दे.

तुमच्याकडे जुनी जिप्सी असेल आणि लिफ्टचा विचार मनात घोळत असेल, तर आधी सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. डाव्या-उजव्यात फरक निघाला तर पाटे बसले आहेत. ते मूळ मापाचे नवे घाला, बुश आणि यू-बोल्ट नवे घाला, टायर चांगल्या नक्षीचे घाला आणि एक आख्खा पावसाळा गाडी तुमच्या नेहमीच्या वाटांवर चालवा. त्यानंतरही पोट टेकत असेल तर मिस्त्रीकडे जा, आणि जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एकदा गाडीत चढवून बघा.