पाळण्यातले नाव

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला आत्या पहिले करते आणि पेढा तोंडात असतानाच जिना उतरणारे पाहुणे दुसरे करतात. हे पूर्वापार चालत आले आहे; अलीकडे पाहुण्यांचे काम जरा वाढले आहे, इतकेच.

माझ्या पुतणीला गेल्या श्रावणात मुलगी झाली. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा नाव मीच सुचवावे असे घरात ठरले. "काका, एखाद्या जादूच्या राज्यातले वाटेल असे नाव द्या. वर्गात दुसऱ्या कुणाचे नसेल असे," ती म्हणाली. 'वर्गात' हा शब्द ती सहज बोलून गेली. पण मी पडलो मास्तर. पाळण्यावर नाव एकदाच उच्चारले जाते, हजेरीत ते दहा वर्षे रोज उच्चारले जाते. कादंबरीतल्या पात्राला मी वाटेल ते नाव देतो आणि ते पात्र पानातून उठून माझ्याशी भांडायला येत नाही. मूल येऊ शकते. कुंची, वाळे, दुपटे यांपैकी काहीही आवडले नाही तर पुढे कपाटात टाकता येते. नावाचे तसे नाही. ते निवडतात आईबाप, उच्चारतात शेजारीपाजारी, आणि वागवावे लागते ज्याचे त्याला.

मी तिला नाव सुचवले नाही. म्हटले, मनात असतील ती नावे घेऊन गॅलरीतून हाका मारून बघ. एकदा लाडाने, एकदा रागाने, आणि एकदा दवाखान्यात नंबर लागल्यावर कंपाउंडर मारतो तशी. अकरा नावांची यादी संध्याकाळपर्यंत चारावर आली! पण ही झाली कानाची परीक्षा. आपल्या मनोराज्यातले एखादे झुंबर दुसऱ्याच्या जन्मभराच्या वाटचालीवर टांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न तिने सुटत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाने अलीकडे मोठे गमतीचे वळण घेतले. जॉर्ज मार्टिन या लेखकाची एक अद्भुत कथामाला १९९६ साली सुरू झाली आणि २०११ पासून ती 'गेम ऑफ थ्रोन्स' या नावाने दूरचित्रवाणीवर दिसू लागली. तीत परागंदा झालेली एक राजकन्या आहे. घोडेस्वारांच्या एका टोळीच्या नायकाशी तिचे लग्न लागते, आणि त्या टोळीच्या कल्पित भाषेत नायकाच्या बायकोला 'खलीसी' म्हणतात. म्हणजे हे नाव नव्हेच, हुद्दा आहे. आपण मुलीचे नाव 'पाटलीणबाई' ठेवावे तसे. पण या राजकन्येने आग ओकणारे ड्रॅगन पोसले, गुलामांच्या बेड्या तोडल्या, आणि प्रेक्षक भारावले. २०१८ या एकाच वर्षी तिथल्या सरकारी नोंदींत ५६० मुलींचे नाव खलीसी लागले. पुढच्याच मे महिन्यात मालिका संपत आली आणि या मुक्तिदात्रीने शरण आलेले अख्खे शहर जाळून टाकले! त्या ५६० मुली तेव्हा नुकत्या रांगू-चालू लागल्या असतील.

आपल्या वाडवडिलांनीही नावे गोष्टींतूनच घेतली. फरक एवढाच की व्यासांची गोष्ट पुरी झाल्यावर घेतली. म्हणून गावोगाव अर्जुन भेटतो आणि शकुनी भेटत नाही. त्यातूनही 'सीता नाव ठेवू नये, वाट्याला वनवास येतो' असे बजावणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

याचा अर्थ कल्पनेला पाळण्याजवळ फिरकू देऊ नये, असा मात्र मी काढणार नाही. व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने एका मैत्रिणीच्या आडनावाची सुरुवात आणि तिच्या नावाचे लाडके रूप जोडून घडवले. वेंडी हे नाव १९०४ सालच्या 'पीटर पॅन' नाटकाने घरोघर नेले. आज या नावांच्या बायका बँकेत सह्या करतात आणि कुणी हसत नाही. आपल्याकडे 'वीरधवल' म्हटल्यावर नाथमाधवांची अद्भुतरम्य कादंबरी आठवणारे आता थोडेच. बहुतेकांना २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेला कोल्हापूरचा वीरधवल खाडे आठवतो. नावात माणसाला जागा असली की माणूस हळूहळू ते आपले करून टाकतो.

जागाच नसली तर? न्यूझीलंडमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीचे नाव आईबापांनी 'तालुला डझ द हुला फ्रॉम हवाई' असे ठेवले होते; म्हणजे 'तालुला हवाईचा हुला नाच करते' हे आख्खे वाक्य! पोरगी मैत्रिणींना खरे नाव सांगेना, 'मला के म्हणा' म्हणे. २००८ साली न्यायाधीशाने नाव बदलता यावे म्हणून तिला काही काळ न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतले. आईबापांना विनोद करायचा होता; तो त्यांनी आपल्या खर्चाने करायला हवा होता.

मात्र हसणाऱ्यांचाही यात वाटा असतो, हे मास्तर म्हणून सांगितलेच पाहिजे. जूनमध्ये नवी हजेरी हाती येते. एखाद्या नावापाशी मास्तर अडखळला, त्याने भिवई उचलली, की वर्गाला परवानगी मिळते आणि ते हसू दिवाळीच्या सुटीपर्यंत पुरते. तेच नाव सरळ उच्चारून तो पुढच्या नावावर गेला, तर आठवड्याभरात ते नाव म्हणजे तिसऱ्या बाकावरचा, डबा आधीच संपवणारा मुलगा होऊन जाते.

आणि ओळखीचे, सगळ्यांना समजणारे नाव नेहमी मायेचे असते असेही नाही. दगडू, धोंडू ही नावे कानाला खडबडीत. पण आधीची मुले गेली, या एकावर तरी मृत्यूची नजर पडू नये म्हणून ठेवलेली. 'नकोशी'चे उलटे. तिचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही, हेच तिचे दुःख. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा २८५ मुलींची नावे एका समारंभात बदलण्यात आली. कुणी सावित्री झाली, कुणी वैशाली. काहींनी मात्र सिनेमाच्या पडद्याकडे पाहिले आणि 'ऐश्वर्या' हे नाव घेतले. नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि एक छोटा पुष्पगुच्छ घ्यायला त्या रांगेत उभ्या राहिल्या.