सातशे रुपयांची गोधडी

हिंगोलीचे दसरा प्रदर्शन आपल्यापैकी कुणालाही नव्याने सांगायला नको. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा, रामलीला मैदान, आकाशपाळणे, भज्यांच्या कढया, आणि शेवटी रावणदहन. लेकरांना घेऊन आपण सगळेच तिथे जातो. गेल्या वर्षी मीही गेलो आणि पाळण्यांच्या पलीकडे बचत गटांचे काही स्टॉल होते तिथे थांबलो. पापड, लोणची, हळद, मण्यांची तोरणे असे बरेच काही होते. एका कोपऱ्यात पन्नाशीच्या एक मावशी चार गोधड्या घडी करून बसल्या होत्या.

मी एक गोधडी उलगडून पाहिली. किंमत विचारली. "नऊशे," त्या म्हणाल्या. मी पाचशे म्हटले. खरे सांगायचे तर पाचशे का म्हटले, हे मला आजही सांगता येणार नाही. निम्म्याहून थोडे जास्त म्हणायचे, ही वडिलांपासून चालत आलेली सवय. "रंग जाईल याचा," असेही मी म्हटले, आणि "शिलाई थोडी विरळ आहे" असेही. मावशींनी दोनदा मान हलवली, मग स्टॉलवरच्या दुसरीला वेळ विचारली. त्यांना गावाकडची शेवटची एस.टी. गाठायची होती. "द्या सातशे," त्या म्हणाल्या. मी पैसे दिले आणि गोधडी काखेत मारून निघालो.

घरी आल्यावर मोठ्या ऐटीत सांगितले, "नऊशेची सातशेला आणली." सौ.ने गोधडी हातात घेतली, उलटी केली आणि मागच्या बाजूचे टाके पाहू लागली. ती स्वतः शिवते, म्हणून तिची नजर आधी मागच्या बाजूला जाते. आत जुन्या सुती साड्यांचे थर होते, बाहेरून आत येत गेलेला धावदोरा होता, दोन ओळींत जेमतेम बोटभर अंतर, आणि चारही कोपऱ्यांना रंगीत तुकडे लावलेले. ती म्हणाली, "रोज दोन तास बसली असेल तर महिना गेला असेल बाईचा."

महिना म्हणजे साठ तास. तेव्हा मी कागद घेतला. दोरा, कोपऱ्याचे नवे कापड, आणि १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे तरी जाण्यायेण्याचा खर्च, असे मिळून दीडशे रुपये धरले. नऊशेतून दीडशे गेले की साडेसातशे उरतात, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. मी दिलेल्या सातशेतून दीडशे वजा केले तर साडेपाचशे, म्हणजे तासाला नऊ रुपये आणि काही पैसे. आता गंमत पाहा. मला वाटत होते की मी नऊशेवर दोनशे, म्हणजे बावीस टक्के सूट मिळवली. पण दोऱ्याच्या दुकानदाराने काही कमी केले नव्हते, कंडक्टरनेही केले नव्हते. ते दोनशे रुपये सगळेच्या सगळे त्यांच्या साडेसातशेतून आले. त्यांच्या कष्टाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग मी पाच मिनिटांत काढून घेतला होता.

नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. घेताना मालाला नावे ठेवते, आणि घेऊन निघाले की स्वतःच्या हुशारीची बढाई मारते. हे वचन मी मिस्सेच्या वेळी कधी ऐकल्याचे आठवत नाही. त्या रात्री मात्र शोधून वाचले. रंगाविषयी मी जे बोललो होतो ते खोटे होते. रंग जाणार नाही हे मला दिसत होते.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आवारात उभे असताना मी ही गोष्ट आमच्या एका निवृत्त शिक्षक मित्रांना सांगितली. त्यांना ती मुळीच पटली नाही. ते म्हणाले, "अहो, घासाघीस ही आपल्या बाजाराची भाषा आहे. त्या बाईंनीही कमी करायचे धरूनच नऊशे सांगितले असणार. त्यांनी राजीखुशीने दिली, तुम्ही राजीखुशीने घेतली. यात पाप कुठे आले? एका दराच्या पाट्या लावलेल्या दुकानात माणूस माणसाशी बोलतसुद्धा नाही, ते चांगले का?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागले. आठवडी बाजारात सूप घेताना बुरूडबाईशी चार शब्द बोलणे, "ताई, मागच्या वेळचं सूप वर्षभर टिकलं" असे सांगणे, दहा रुपये कमी करून घेणे आणि तिने वर एक छोटी दुरडी पोराला खेळायला देणे, यात दोघांचाही आनंद असतो. अशा घासाघिशीत पाप शोधत बसणे म्हणजे देवाला तराजूवाला समजणे होईल. पण मित्रांचा "राजीखुशी" हा शब्द मला टोचत राहिला. मावशींनी घड्याळ विचारले होते. मी आणखी तासभर उभा राहू शकत होतो. त्यांना ते शक्य नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न लिहून ठेवला आहे. त्यात ते म्हणतात की एखादी वस्तू घेणाऱ्याला अतिशय गरजेची आहे एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने तिची किंमत वाढवू नये. ती गरज विकणाऱ्याची मालमत्ता नाही, मग तिचे पैसे त्याने कसे घ्यावेत? मला वाटते, हेच उलट्या बाजूनेही खरे असले पाहिजे. विकणाऱ्याला बस गाठायची आहे, घरी लेकरू तापाने फणफणले आहे, गटाचा हप्ता उद्या भरायचा आहे. ही त्यांची गरज माझी मालमत्ता नाही. तिच्या जोरावर किंमत पाडणे म्हणजे जे माझे नाही ते विकून पैसे करणे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयीचे आपले परिपत्रक लिहिले तेव्हा याच "राजीखुशी"ला हात घातला होता. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचे पोट भरेल इतकी तरी ती असावी, हा निसर्गन्याय कोणत्याही करारापेक्षा जुना आहे, असे त्यांचे म्हणणे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाची आठवण सांगितली. पण गिरणीच्या मजुराला मालक असतो. गोधडी शिवणाऱ्या मावशींचा मालक कोण? त्या स्वतःच्याच मालक, असे आपण सहज म्हणतो, आणि तिथेच विषय संपवतो. मला आता वाटते की प्रदर्शनात गिऱ्हाईक समोर उभे राहते तेवढी पाच मिनिटे त्यांची मजुरी ठरवणारे तेच असते.

इथवर आलो आणि मग मात्र अडलो. कारण मी न्याय्य किंमत काढायला बसलो. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. साठ तासांचे २,३४० आणि खर्चाचे दीडशे, म्हणजे जवळजवळ अडीच हजार रुपये! आपल्या हिंगोलीत, कळमनुरीत, वसमतला अडीच हजारांची गोधडी कोण घेईल? शेजारच्या स्टॉलवर यंत्रावरचे गुबगुबीत ब्लँकेट चार-पाचशेला मिळत होते. मी अडीच हजार देऊन एक घेतली तरी उरलेल्या तीन गोधड्या तशाच घरी जाणार.

हा पेच नवा नाही. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला असताना अखिल भारतीय चरखा संघात हाच वाद झाला होता. सूत कातणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी अगदीच तुटपुंजी होती. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत, असे गांधीजींच्या मनात होते. कार्यकर्ते घाबरले, खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल आणि शेवटी त्याच बायकांच्या हातचे काम जाईल, असे ते म्हणत. आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही, पण मजुरी वाढवण्याचा ठराव झाला आणि खादी महागली. नुसते स्वस्त विकणे हा खादीचा हेतू नाही, हे गांधीजींनी सोडले नाही. त्यांचे बरोबर होते की कार्यकर्त्यांचे, हे मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना त्या कातणाऱ्या बायकांचीच काळजी होती, एवढे दिसते.

कुणी म्हणेल, मग दया म्हणून जास्त द्यावे. मी तसेही करून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी औंढा नागनाथच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत काचा आणि कवड्या लावलेले बंजारा भरतकाम विकणाऱ्या एका तरुणीला मी म्हटले, "मला पिशवी नको, पण हे पन्नास ठेव." तिने नोट परत केली. "पिशवी आवडली तर घ्या, काका," एवढेच म्हणाली. कानशिलात बसावी तसे झाले. तिला माझे पन्नास रुपये नको होते. तिच्या हाताला किंमत हवी होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या परिपत्रकात म्हटले आहे की कामाचे मोल प्रथम काम काय आहे यावर ठरत नाही, तर ते करणारा माणूस आहे यावर ठरते. भीक देताना मी नेमके ते मोलच पुसून टाकले होते.

हे सगळे ओझे गिऱ्हाइकावरच टाकणेही बरोबर नाही. विकणाऱ्यावरही एक आहे. यंत्रावरचा माल आणून "हाताचा आहे" म्हणून विकणारे प्रदर्शनांत असतातच. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी २००६ पासून हातमागाच्या कापडावर हँडलूम मार्क आला. ही चिन्हे लावावी लागली, कारण शब्दावर विश्वास उरला नव्हता. नाताळच्या आधी आपल्या आवारात टेबले मांडली जातात, तिथेही हे लक्षात ठेवायला हवे. बाजारातून आणलेले तयार तारे आणि आपल्या भगिनींनी रात्री जागून केलेले तारे एकाच टोपलीत, एकाच पाटीखाली ठेवू नयेत. आणलेले आहेत तर तसे सांगावे. आणि "चर्चचे काम आहे, थोडे कमी लावा" असे आपण त्याच भगिनींना किती सहज सांगतो, तेही एकदा आठवून पाहावे.

संत पौल तंबू शिवत असे. प्रेषितांची कृत्ये सांगतात की करिंथला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून हेच काम करी. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचे घराणेही शिंप्याचे. सुई धरणारे दोन संत. पौलाने आपल्या पत्रांत हातांच्या कष्टाविषयी लिहिले आहे, पण तंबू कितीला विकला हे कुठेच नाही. करिंथच्या बाजारात कुणी त्याला म्हटले असेल का, की शिलाई जरा विरळ आहे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा रामलीला मैदानावर गेलो. मावशी नव्हत्या, गटातल्या बायका पाळीपाळीने बसत होत्या. त्या दिवशी एक शाळकरी वाटावी अशी मुलगी वही घेऊन बसली होती. मी दोनशे रुपये पुढे केले आणि कुणाचे ते सांगितले. गोधडी कोणती, हे तिला लगेच कळले. तिने नोटा घेतल्या, वही उघडली, पेन टेकवले आणि मला विचारले, "कशाचे म्हणून लिहू, काका?"

मला चटकन सुचेना. मागे लोक उभे होते. मग मी म्हटले, "बाकी होती, असं लिही."