आठवं उत्तर

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, कठाणी नदीच्या खोऱ्यात, चाळीस घरांचं एक गाव होतं. घरात गोंडी, बाजारात झाडीबोली आणि शाळेत पुस्तकातली मराठी बोलणारं. गावाभोवती बांबूचं दाट रान. हे रान गावानं पिढ्यानपिढ्या राखलं, पण बांबू जायचा कागद कारखान्याला. गावकऱ्याला मात्र आपल्याच शिवारातली काठी तोडताना मागं वळून पाहावं लागायचं.

मग दिवस पालटले. त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. 1927 च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला झाडांत धरलं होतं आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून रान जे देतं त्यात. मेंढ्याची माणसं हटली नाहीत. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. त्या बातमीनं आसपासच्या गावांना बळ आलं. आपल्या गोष्टीतल्या गावानंही अभ्यासगट जमवून कायदा वाचला, दावा केला, नकाशे काढले, म्हाताऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. यथावकाश त्यांचाही कागद आला.

कागदामागून व्यापारी आला. धान कापून झालं होतं, मंडईच्या जत्रेचे दिवस होते. तो म्हणाला, "रानातला सगळा बांबू एका हंगामात तोडून द्या. पैसे रोख." रक्कम मोठी होती. सभा भरली आणि बहुतेकांनी मान डोलावली. कुणाला घरावर कवेलू घालायचे होते, कुणाला शेतातली बोडी (लहान तळं) खोल करायची होती, कुणाच्या घरी लग्न होतं.

दोन घरं मात्र गप्प होती. एक बुरुडकाम करणाऱ्याचं. त्याला विणायला हिरवा, कोवळा बांबू लागायचा, तोही वर्षभर थोडा थोडा. एकदम सगळं रान कापलं तर पुढची वर्षं सुपं-टोपल्या कशाच्या करायच्या? दुसरं घर एका आजीचं. तिला ना धानाची बांधी, ना बैल. पावसाळ्यात बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, आणि हिवाळ्यात रानातले कंद, यांवर तिची चूल पेटायची.

गडचिरोलीला कॉलेजात शिकणारा एक हुशार पोरगा त्या वेळी सुटीवर आला होता. तो उठून म्हणाला, "अडतीस घरं एका बाजूला, दोन घरं एका बाजूला. हात वर करा, मोजा आणि उठा. दोन घरांसाठी गाव किती दिवस थांबणार?"

सभेनं मेंढ्याची रीत धरली होती. तिथं हात मोजत नाहीत. निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो, आणि एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. पण पोराचं म्हणणंही पुष्कळांना पटत होतं. कुरकुर वाढली. शेवटी ठरलं की आज उठायचं आणि उद्या रात्री घोटुलापाशी, म्हणजे गावाच्या सामूहिक घरापाशी, पुन्हा बसायचं.

दुसऱ्या रात्री शेकोटी पेटली. सगळे जमले, पण विषय कुणी काढेना. तेव्हा आजी पुढं सरकली. कोडी घालण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

"पोट्टे हो," ती म्हणाली, "आधी माझी कोडी सोडवा, मंग सभा करा. सात कोडी आहेत. पन सात उत्तरं सांगितली म्हनजे सुटलं असं नाई. सातही उत्तरं ज्या एका दोरीत ओवली जातात, ती दोरी सांगाल तवा सुटलं. दोरीत सातही बसले पाहिजेत, आन परका त्यात शिरला नाई पाहिजे."

पोरं सरसावून बसली. मोठी माणसंही कान देऊन ऐकू लागली.

"जातीचं गवत, कागदावर झाड;
सूप, टोपली, ताटी, सगळं त्याचंच हाड."

"बांबू!" सगळे एकदम ओरडले.

"मोजली तर पैसा, वितळली तर चुडा;
पळसाच्या फांदीवर किड्यांचा वाडा."

याला थोडा वेळ लागला. मग बांगडीवाल्याला माल विकणारी एक बाई म्हणाली, "लाख! मोजायची लाख आन चुड्याची लाख."

"दोन मैलांच्या वाटेला एक काना दिला;
ऐनाच्या झाडावर झोपला, रेशीम होऊन गेला."

कॉलेजातला पोरगा हसला. "दोन मैल म्हणजे कोस. काना दिला की कोसा!" आरमोरीच्या टसर केंद्रावर कोष पोचवणारा एक जण तिथंच बसला होता. आपल्या मालाचं नाव आलं म्हणून तो खूश झाला.

"अलीकडं नाही, पलीकडं नाही;
जिथं उरतो, तिथं माशी पहारा देई."

"मध!" एक लहान पोर म्हणालं. अलीकडं नाही, पलीकडं नाही, म्हणजे मधे, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

"काना दिला तर नवरी बसे आत;
काना काढला तर जळते वात."

"मेणा आणि मेण," पुन्हा कॉलेजातला पोरगा.

"कंदिलात निम्मा मी, तरी अंधारात राही;
मातीखाली घर माझं, भुकेला धावून येई."

"कंद," पोरगाच म्हणाला. त्याला अक्षरांचा खेळ चांगला जमत होता.

"वहीतलं लिहायचं, विड्यातलं खायचं;
उन्हाळ्यातलं तोडून पुड्यात बांधायचं."

इथं मात्र सगळ्या बायकांनी एका सुरात उत्तर दिलं, "तेंदूपान!" मे महिन्यात पहाटे उठून रान गाठायचं, पानं तोडायची आणि दुपारी दारात बसून पुडे बांधायचे, हे काम त्यांच्या हातांना पाठ होतं.

"सात झाली," आजी म्हणाली. "बांबू, लाख, कोसा, मध, मेन, कंद आन तेंदूपान. आता दोरी सांगा."

"सोपं आहे," एक जण म्हणाला. "सगळं रानातून येतं."

"सागवानही रानातूनच येते. मंग ते काऊन नाई सांगितलं म्या? परका शिरला तुझ्या दोरीत."

कॉलेजातला पोरगा विचार करून म्हणाला, "किडे आणि माश्या! लाख किड्यांची, कोसा अळीचा, मध आणि मेण माश्यांचं."

"चार झाले. बाकीचे तीन?"

"ते तीन भरतीला घातले असतील."

"म्या सात घातले," आजी शांतपणे म्हणाली. "तुमच्या उत्तरात बसत नाईत म्हनून तीन कोडी फेकता काय गा? कोडं चुकलं नाई. दोरी तोकडी पडली."

पोरगा गप्प झाला. मग दुसरा म्हणाला, "बाजारात विकतो त्या वस्तू. यात किडेही आले, बांबूही आला, पानंही आली."

"कंद कोन विकते आपल्या गावात?"

कुणीच नाही. कंद घरी शिजायचा, तोही मुख्यतः आजीच्या घरी. सहा बसले, एक बाहेर राहिला. काही जण म्हणाले, सहा बसले म्हणजे जवळजवळ सुटलंच की. आजीनं मान हलवली. "जवळजवळ सुटलेलं कोडं सुटलेलं नसते."

बराच वेळ कुणाला काही सुचेना. शेकोटीत लाकडं पुढं सरकवली गेली. मग बुरुडकाम करणाऱ्याची मुलगी हळूच म्हणाली, "यातलं काहीही घ्यायला झाड पाडावं लागत नाही."

सगळ्यांनी एकेक उत्तर मनात ताडून पाहिलं. लाख फांदीवरून खरवडतात. कोष काढून घेतात. मध-मेण पोळ्यातून मिळतं. पान खुडतात. कंद उकरतात. आणि बांबू? बांबू तर गवत! पहिल्याच कोड्यात आजीनं तेच सांगितलं होतं. सागवान मात्र पाडल्याशिवाय हाती येत नाही.

"जवळ आली, पोरी," आजी म्हणाली. "पन मोहफूलही झाड न पाडता मिळते, डिंकही मिळते. मंग हेच सात काऊन घेतले म्या? ही नावं कुठं एका जागी ऐकली आहेत काय तू?"

मुलीचे डोळे चमकले. "अभ्यासगटात! कायदा वाचून दाखवला त्या रात्री. बाबांनी विचारलं होतं, यादीत बांबू आहे का? म्हणून मी नीट ऐकत होते. पहिलंच नाव बांबूचं होतं. मग झुडपं, बुंधे, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूची पानं, औषधी वनस्पती, मुळं आणि कंद. ही सातही नावं 2006 च्या कायद्यातल्या यादीतली आहेत. सागवान त्यात नाही, आणि मोहाचं नावही तिथं लिहिलेलं नाही. या वस्तू गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आपला आहे."

"हाव," आजी म्हणाली. "हेच आठवं उत्तर."

घोटुलापुढं क्षणभर शांतता झाली आणि मग सगळे एकदम बोलू लागले. ज्या यादीच्या बळावर व्यापारी आज दारात आला, ती यादी सगळ्यांनी ऐकली होती. पण प्रत्येकानं त्यातलं आपल्या कामाचं एकच नाव लक्षात ठेवलं होतं.

आजी पुढं म्हणाली, "ज्या यादीनं बांबू तुमचा केला, त्याच यादीत माझा कंदही आहे. यादीतलं पहिलं नाव उचलून शेवटचं पुसता येत नाई. सगळं बेट एका हंगामात कापलं, उतारावरून बैलबंड्या आन ट्रक नेले, तर माती तुडवली जाईल. कंदही जाईल, वास्तेही जातील."

तिचं बोलणं अनुभवाचं होतं. बांबूच्या बेटात नवे कोंब जमिनीखालच्या गड्ड्यातल्या साठ्यावर वाढतात, आणि तो साठा जुन्या, पानं असलेल्या काठ्या भरत असतात. सगळ्या काठ्या एकदम काढल्या की पुढच्या पावसात येणारे कोंब बारीक आणि थोडे येतात. म्हणजे व्यापाऱ्याला सगळा बांबू देणं आजी आणि बुरुडाच्या घराला तोट्याचं होतंच, पण दोन-चार वर्षांत बाकीच्या अडतीस घरांनाही ते तोट्यात नेणार होतं. ज्या दोन घरांना सभा अडथळा समजत होती, त्यांनाच हे आधी दिसलं, कारण त्यांचं पोट रोज त्या बेटाशी बांधलेलं होतं.

कॉलेजातला पोरगा उठून आजीजवळ गेला. "आजी, चार बसले तेव्हा मी तीन फेकायला निघालो होतो. कालच्या सभेतही तेच करत होतो."

"शिकलेला आहेस, म्हनून लवकर समजलं," आजी म्हणाली. "आता तुझं गनित गावाच्या कामी लाव."

त्यानं ते लावलं. पुढच्या बैठकींत बेटं मोजली गेली. ठरलं ते असं : तीन वर्षांहून जुनी काठीच तोडायची, प्रत्येक बेटात पुरेशा काठ्या राखायच्या. पावसाळ्यात, कोंब फुटतात तेव्हा, कुऱ्हाड रानात न्यायची नाही. नाल्याकडचा उतार कंदासाठी आणि वास्त्यांसाठी सोडायचा. बुरुडकामाला लागणारा हिरवा बांबू आधी बाजूला काढायचा, मग उरलेला विकायचा, तोही उघड बोली लावून. रोख रक्कम त्या वर्षी कमी येणार, हे सगळ्यांना कळत होतं. कवेलूंचं घर एक वर्ष थांबलं, बोडी अर्धीच खोल झाली. पण या वेळी अध्यक्षानं विचारलं तेव्हा चाळीसही घरांनी "मंजूर" म्हटलं, आणि त्यातला पहिला आवाज आजीचा होता.

तात्पर्य : कोडं सोडवताना जे उत्तर सगळ्यांत आधी सुचतं, ते बहुतेकांना लागू पडतं आणि एक-दोघांना बाहेर ठेवतं. तिथं घाई करणारा माणूस बाहेर राहिलेल्यांना चूक ठरवतो. शहाणा माणूस आपलं उत्तर तपासतो, कारण न बसणारी गोष्टच खऱ्या उत्तराची खूण सांगत असते. गावाचंही तसंच आहे. बहुसंख्यांना सोयीचा निर्णय लवकर होतो, पण त्यानं वगळलेल्या माणसाला अनेकदा असं काही ठाऊक असतं, जे बाकीच्यांना अजून दिसलेलं नसतं. म्हणून विरोध करणाऱ्याला हरवण्याआधी त्याचं ऐकावं. सगळ्यांना धरणारं उत्तर शोधायला वेळ लागतो, आणि गावानं तो वेळ द्यावा.