भिडेपोटी राहिलेली नावं

ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या मेट्रोची यलो लाइन सुरू झाली आणि बोम्मसंद्रा हे तिचं शेवटचं स्टेशन झालं. गाडी इथूनच निघते, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळण्याची आशा तरी असते. डबा पिशवीत आहे, इलेक्ट्रॉनिक सिटी यायला थोडा अवकाश आहे. एवढ्या वेळात होईल असं एक काम सुचवावंसं वाटतं. तुमच्या टीमच्या पॅकेज रिपॉझिटरीत कोणाकोणाला परवानगी दिलेली आहे, ती यादी आज एकदा वाचून काढा. बदल ऑफिसात गेल्यावर करा. गाडीत नुसती वाचा.

घरच्यांना हे काम काय ते ठाऊक नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. टीमने लिहिलेल्या कोडचे तयार भाग जिथे ठेवतात आणि इतर जण जिथून उचलतात, असं हे क्लाउडवरचं कोठार. काही जणांना त्यातून फक्त घेता येतं, काहींना आत ठेवताही येतं. ठेवणाऱ्याने ठेवलेलं पुढे दहा ठिकाणी बिनदिक्कत वापरलं जातं. यादी वाचली की कळतं, त्यात कोणी कधीच दुसऱ्या टीममध्ये गेलंय, कोणी नोकरी सोडून पुण्याला परतलंय, कोणी दोन महिन्यांपुरतं शिकायला आलं होतं. परवानगी हवी असते तेव्हा माणूस चार वेळा आठवण करून देतो. गरज संपल्यावर ती काढा म्हणून सांगायला कोण येणार? आपण काढायला जावं तर भीड आडवी येते. काल दर्शिनीत उभ्याने सोबत इडली खाल्ली, आज त्याचं नाव खोडायचं, त्याला काय वाटेल? भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

अशी मागे राहिलेली परवानगी काय करू शकते, ते बघा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं सार्वजनिक कोठार म्हणजे पायपीआय. तिथे सीटीएक्स नावाचं एक छोटं पॅकेज होतं. २०१४ नंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. मालकाचं खातं ज्या ईमेलवर होतं, त्याच्या डोमेनची मुदत संपून गेली. मे २०२२ मध्ये भलत्याच कोणी ते डोमेन विकत घेतलं, त्या पत्त्यावर नवा पासवर्ड मागवला आणि पॅकेजमध्ये चोरटा कोड घातला. ज्यांनी ते उतरवून घेतलं त्यांच्या संगणकावरची गुपितं बाहेर जाऊ लागली. मूळ मालकाने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्याचा हक्क तिथे तसाच पडून होता, इतकंच. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतली कलोनिअल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली, तेव्हाही चोर शिरले ते वापरातून गेलेल्या, पण चालू राहिलेल्या एका खात्यातून. म्हणजे माणूस कितीही भला असला, तरी त्याच्या मागे राहिलेली परवानगी भल्याच हाती जाईल असं नाही.

काढताना घाई मात्र नको. यादीतली काही नावं माणसांची नसतात, रात्री आपोआप चालणाऱ्या बिल्डची असतात. ती चुकून गेली तर सकाळी सगळी टीम डोकं धरून बसते. गूगलच्या आर्टिफॅक्ट रजिस्ट्रीसारख्या ठिकाणी आणखी एक गोम आहे. रिपॉझिटरीतून नाव काढलं, तरी वरच्या प्रोजेक्टवर दिलेली परवानगी खाली झिरपतच राहते, तेव्हा तिथेही बघावं लागतं. कोणाला सगळा हक्क काढण्याऐवजी नुसतं घेण्यापुरता ठेवला तरी भागतं. आणि माणसाचं नाव काढण्याआधी त्याला दोन ओळी लिहाव्यात. ‘अरे, त्या रिपॉझिटरीतलं तुझं नाव काढतेय हं. परत लागलं तर हक्काने सांग, लगेच देते.’ एवढं लिहिलं की भीड निम्मी उतरते. उरलेली त्याच्या उत्तराने उतरते, कारण ते बहुतेक वेळा एकच असतं: ‘अगं, अजून होतं होय?’