पुरुषासारखा खेळ!

मुलाला चड्डीची नाडी बांधता येऊ लागली, की बाप त्याच्या हातात बॅट देतो. आणि पहिल्यांदा गुडघा सोलवटला, की विचारतो, "मुलीसारखा काय रडतोस?" आता गंमत बघा. त्याच घरातली माउली अंगात ताप असताना वीस पोळ्या लाटते, आणि हा गृहस्थ नुसत्या सर्दीनं मृत्युपत्राच्या गोष्टी काढतो. तरी सहनशक्तीची मक्तेदारी पुरुषांकडे!

बापाचं दुसरं तत्त्व, पुरुषानं हरायचं नाही. पण आखाड्यात दोघं उतरले की एकाची पाठ लागायचीच. म्हणजे निम्मे पैलवान बायकी ठरवायचे की काय? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना पहिले डाव त्यांच्या पैलवान वडिलांनी शिकवले. 1952 साली हेलसिंकीला ते तिसरे आले. पण त्यांना कमी मर्द म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बाप स्वतः खेळाडूच असावा लागतो, असंही नाही. रमेश तेंडुलकर कवी आणि मराठीचे प्राध्यापक. 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये ते गेल्याची बातमी आली. मुलगा घरी येऊन परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 काढून आभाळाकडे बघत राहिला. 2013 साली वानखेडेवर निरोपाचं बोलताना त्यानं पहिलं नाव घेतलं ते वडिलांचंच, आणि भरल्या गळ्यानं. त्या दिवशी टीव्हीपुढे बसलेल्या कित्येक बापांच्या डोळ्यांत एकाच वेळी कचरा गेला म्हणतात!

धीर आणि दगडपणा यांत आपण नेहमी गल्लत करतो. दुखत असताना उभं राहणं हा धीर. दुखतच नाही असं दाखवणं हे नाटक. आणि ते एकदा अंगवळणी पडलं, की दुसऱ्याचं दुखणंही दिसेनासं होतं. असला पोरगा पुढे नवरा होतो, साहेब होतो, आणि मुख्य म्हणजे बाप होतो.

मुलगा हे सगळं शिकतो ते बापाच्या उपदेशातून नव्हे. आपण शून्यावर बाद झालो तेव्हा कुंपणापलीकडे बापाचा चेहरा कसा झाला, हे तो पॅड सोडायच्या आधी बघून घेतो. तेव्हा त्या संध्याकाळी पुरुषार्थाचे धडे नकोत. गरम वरणभात वाढावा. बापानं स्वतः वाढला, तर फारच उत्तम.