गर्दीतले मौन

रोज सकाळी शहर बसने कामावर जाणाऱ्या आम्हा मंडळींना एक प्रश्न अधूनमधून छळतो. एखादा मद्यपी मुद्दाम एखाद्या तरुणीच्या अंगावर रेलतो. ती सरकते, तसा तोही सरकतो. आसपासचे सारे खिडकीबाहेर पाहू लागतात. कंडक्टर पुढे तिकिटे देण्यात गुंतलेला असतो. अशा वेळी गप्प राहणारा दोषी ठरतो काय?

'एवढी माणसे आहेत, कोणीतरी बोलेलच,' असे आम्ही स्वतःला समजावतो. हे 'कोणीतरी'च घातक असते. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या खोलीतील माणसाला फेफरे आल्याचे आपण एकटेच ऐकत आहोत, अशी समजूत असलेल्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी आवाज थांबण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटताच हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. ती मुले निर्दय नव्हती. त्यांच्या मनात जबाबदारीची वाटणी झाली होती.

परंतु वाटल्याने भाकरी कमी होते, कर्तव्य नव्हे. भीती खरी असते, घरी मुलेबाळे वाट पाहत असतात. म्हणून प्रत्येकाने हात उगारावा असे आम्ही म्हणत नाही. 'ताई, तुम्ही इथे बसा,' म्हणून आपली जागा देणे, कंडक्टरला हाक मारणे, एवढे तर भित्र्यालाही साधते. एकाने तोंड उघडले की पुष्कळदा इतरांनाही कंठ फुटतो.

मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. त्यांतली कितीतरी कर्तव्ये अशा गर्दीतच राहून जातात.